वहिनीच्या हातातली जीप

दादा वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला, त्या हिवाळ्यात आमची जीप गोठ्याला लागून असलेल्या टिनाखाली उभी राहिली. कापसाचं आणखी एक वर्ष हातचं गेलं होतं. पहिल्या वेच्यात घरी आला तेवढाच कापूस. त्यानंतरची बोंडं अळीनं आतून पोखरलेली, नीट उघडलीच नाहीत. दादानं फार चर्चा केली नाही. एक दिवस जेवताना म्हणाला, "वावर बाबा पाह्यतीन, मी पगार आणतो," आणि पुढच्या आठवड्यात बॅग घेऊन गेला.

घरात बाबा, वहिनी आणि मी असे तिघं उरलो. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी नुकतीच बी.एड. होऊन गावी परतले होते. वहिनी आमच्याकडे नवीनच होती, पण नवीन सुनेसारखी बुजलेली नव्हती. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता. त्यामुळे असेल किंवा नुसती हौस म्हणून असेल, त्यांनी तिला ट्रॅक्टर शिकवला, आणि पुढे यवतमाळला नेऊन गाडीचं लायसनही काढून दिलं. आमच्या घरी आल्यापासून ते लायसन तिच्या साड्यांच्या पेटीत पडून होतं.

जीप बाबांनी कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली. वरून हिरवा रंग मारला होता, पण दुपारचं ऊन तिरपं पडलं की दारावर जुन्या अक्षरांची सावली दिसायची. तिच्यातून कापसाची गाठोडी गेली, खत आलं, गावातल्या दोन-चार अडलेल्या बाया वेळेवर दवाखान्यात पोचल्या. आता ती उभी होती आणि कोंबड्या तिच्या बॉनेटवर बसत होत्या.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं राळेगाव. सकाळची एसटी यायची ती फेरी त्या वर्षी बंद झाली, रस्ता खराब आहे म्हणून. पोरं सायकलवर जाऊ लागली आणि पोरी घरी बसल्या. वहिनीनं हे माझ्या आधी पाहिलं, कारण ती रोज वावरात जायची. शाळेच्या वेळी आठवी-नववीतल्या पोरी कमरेला ओटी बांधून कापूस वेचताना तिला दिसायच्या.

एका संध्याकाळी तिनं बाबांसमोर चहा ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

"मामाजी, जीप उभीच हाये. मी पोरीईले राळेगावले नेऊन सोडू काय?"

बाबांनी बशी खाली ठेवली. "अन् डिझेल कोन भरन?"

"पोरीईच्या घरचे मिळून भरतीन."

"भरतीन म्हणते. इचारलं काय तू त्याईले?"

"इचारून आली."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं, जणू मला हे आधीच ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. "लायसन कुठी हाये तुझं?" एवढंच त्यांनी विचारलं. वहिनी आत गेली आणि पेटी उघडल्याचा आवाज आला.

त्या दिवसांत आमच्या भागात बाहेरून गाड्या यायच्या त्या बहुतेक वाईट बातमीच्या मागोमाग यायच्या. पांढऱ्या, धूळ न बसलेल्या. कुणाच्या तरी अंगणात थांबायच्या, माणसं खाली मान घालून उतरायची, काहीतरी विचारायची, लिहून घ्यायची, निघून जायची. गाडीचा आवाज आला की गावातल्या बाया दारात येऊन आधी बघायच्या की ती कोणाच्या घराकडे वळते. अशा गावातून एक गाडी रोज सकाळी पोरींनी भरून, आरडाओरडा करत बाहेर पडू लागली, याचं मोल मला तेव्हा इतकं कळलं नव्हतं. मी वहिनीच्या शेजारी बसायचे आणि मागं वळून पोरींना पाढे, इतिहास, इंग्रजी शब्दांचे अर्थ विचारायचे. जीप अशी वाजायची की उत्तरं ओरडून द्यावी लागायची. नववीतली एक पोरगी तर सनावळ्या अशा ओरडायची की वाटेतले बैल दचकायचे.

या पोरींमध्ये एक कोलाम पोडावरची होती. दहावीला. पोड म्हणजे कोलामांची वस्ती, आमच्या गावाच्या वर, टेकडीच्या कुशीत. ती उजाडायच्या आत खाली उतरून आमच्या अंगणात येऊन उभी राहायची. फार बोलायची नाही. मी प्रश्न विचारला आणि कुणालाच आला नाही, की ती हळूच उत्तर सांगायची, आणि जीपच्या आवाजात ते माझ्यापर्यंत पोचायला शेजारणीनं पुन्हा ओरडावं लागायचं.

जीपचं स्टेअरिंग पहिल्यापासूनच थोडं ढिलं होतं. दादाला त्याची सवय होती. तो गाणं म्हणत, एका हातानं ते डावी-उजवीकडे हलवत राहायचा आणि जीप आपली जायची. पण रोजच्या फेऱ्यांनी ते वाढत गेलं. वहिनी स्टेअरिंग चांगलं वीतभर फिरवायची तेव्हा कुठं चाकं वळायची. सरळ रस्त्यावरही जीप कधी या अंगाला, कधी त्या अंगाला ओढ घ्यायची. खड्ड्यातून गेली की पुढचं अंग थरथरायचं, आणि ती थरथर वहिनीच्या खांद्यापर्यंत यायची. मला शेजारी बसून ते दिसायचं.

लोकांनाही दिसायचं. पण त्यांना वेगळंच दिसायचं. गावाच्या फाट्यावर पानठेल्याजवळ माणसं बसलेली असायची. जीप लहरत गेली की कुणीतरी म्हणायचंच, "बाईमाणसाच्या हाताले स्टेरिंग समजत नाई." हसत म्हणायचे, वाईट मनानं नाही. पण रोज म्हणायचे. दोन पोरींच्या आयांनी तर घरी येऊन बाबांना विचारलं की दादा परत कधी येणार.

 एका संध्याकाळी वहिनी मला म्हणाली, "बाई, चाला माह्यासंगं." आम्ही रिकामी जीप घेऊन कॅनॉलच्या कडेच्या सपाट रस्त्यावर गेलो. "तुमी रस्ता पाहू नका," ती म्हणाली, "माह्ये हात पाहा फक्त. मी हालवते का सांगा." मी पाहिलं. तिचे हात स्थिर होते. जीप तरी डावीकडे सरकली. तिनं सावरली, तर उजवीकडे गेली. तिनं गाडी थांबवली आणि दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसली.

"ट्रॅक्टर सरळ जाये माह्या हातानं," ती म्हणाली. "माहेरच्या वावरात मी तास काढले तर बाबा दोरी लावून पाह्यत. आता मलेच समजत नाई, खोट गाडीत हाये का माह्यात."

मी म्हटलं, "गाडीत असन वहिनी." पण मला गाडीतलं काय कळत होतं? ती माझ्याकडे पाहून नुसती हसली.

राळेगावच्या स्टँडजवळ एक मेकॅनिक होता. आमच्या जीपचं काम नेहमी तोच करायचा. त्यानं स्टेअरिंग हलवून पाहिलं, बॉनेट उघडलं, आणि स्टेअरिंगचा दांडा खाली ज्या लोखंडी पेटीत जातो त्या पेटीवरचा स्क्रू कसला. आतले दाते झिजले की त्यांच्यात फट पडते, स्क्रू कसला की फट भरते, असं त्यानं समजावलं. खरंच, ढिलेपणा कमी झाला. पण स्टेअरिंग जड झालं. वळण घेतल्यावर जे चाक आपोआप सरळ होतं ते होईना. ओढून सरळ करावं लागे. वहिनी म्हणाली, "हे जरा येगळंच लागते." तो म्हणाला, "चालून चालून मोकळं होइन."

त्याच आठवड्यात नाल्याच्या पुलावर ते घडलं. आमच्या वाटेवर एक कठडा नसलेला अरुंद पूल होता आणि त्याच्या अलीकडे वळण. वहिनीनं वळण घेतलं, चाक सरळ करायला ओढलं, ते अडलं, आणि मग एकदम सुटलं. जीपचं पुढचं डावं चाक पुलाच्या कडेच्या काळ्या मातीत उतरलं. वहिनीनं ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं. मागं सनावळ्या ओरडणारी पोरगीसुद्धा गप्प.

"कोणी हालू नका," वहिनी म्हणाली. "बाई, तुमी पयले उजवीकडून उतरा. मंग एकेक पोरगी."

आम्ही उतरलो. नाला खोल नव्हता, पण तिथं पडलो असतो तर काय झालं असतं ते प्रत्येकीला दिसत होतं. शेतातून दोघं-तिघं धावत आले, त्यांनी हात लावून जीप मागं ढकलली. कुणाला खरचटलंही नव्हतं. वहिनीनं रिकामी जीप पायी चालल्यासारखी हळू घरी आणली आणि आम्ही मागून चालत आलो. अंगणात येऊन तिनं किल्ली काढून बाबांच्या हातात दिली.

"आता पोरी नेत नाई मी," ती म्हणाली. "गाडीत काय हाये थे समजेपर्यंत."

दादाचा फोन शेजारच्या घरी यायचा. त्यालाही सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, उभी ठेवा, मी होळीला येतो तेव्हा पाहीन. पण दहावीची परीक्षा होळीच्या आधी येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात सडा टाकत होतो, तेव्हा पोडावरची पोरगी खाली उतरून आली. बाकीच्या पोरींच्या घरी निरोप गेला होता, पण पोडावर कोण सांगणार? वहिनीनं तिला जवळ बोलावून सांगितलं, आता काही दिवस जीप नाही. पोरगी "बरं" म्हणाली, दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि राळेगावच्या रस्त्यानं चालू लागली. वहिनी झाडू हातात धरून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. तिसऱ्या दिवशीही पोरगी तशीच गेली, आणि या वेळी आमच्या दाराकडे न बघता गेली. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून असावं.

त्या दुपारी वहिनीनं दादाचा जुना शर्ट साडीवरून चढवला. जीप अंगणात सपाट जागी आणली, मागच्या चाकांना दगड लावले आणि खाली पोतं अंथरलं.

"बाई, वर बसा. मी सांगन तसं करा."

"काय करता वहिनी? तुम्हाले काय समजते त्यातलं?"

"काही नाई समजत," ती म्हणाली. "पण तुमी स्टेरिंग हालवता अन् चाक वळते. मधात काहीतरी असन ना. थे कुठपर्यंत जाते, तेवढं पाह्यते."

ती जीपखाली सरकली. आता तिचे फक्त पाय आणि पैंजण दिसत होते. मी स्टेअरिंगवर बसले.

"फिरवू नका. नुसतं हालवा. हळूच. डावीकडं, उजवीकडं. थांबू नका."

मी हलवत राहिले. खालून तिचा आवाज यायचा. पेटीतून बाहेर येणाऱ्या दांड्यावर तिनं हात ठेवला. "हे हालते." मग त्याला जोडलेल्या लांब दांडीच्या सांध्यावर. "हे बी हालते. बरोबर हालते." मग ती थोडी पुढं सरकली. बाबा इतका वेळ बाजेवर बसून पाहत होते. ते उठले, घरातून टॉर्च आणला आणि गुडघे दाबत खाली बसून उजेड पाडू लागले.

"आनखी हालवा."

मी हलवलं.

"थांबा. आता पुन्हा."

 मग ती म्हणाली, "इथपर्यंत येते अन् इथंच जिरते."

"काय जिरते?"

"हालणं. इकडून येते, तिकडं जातच नाई. या, पाहा तुमी. मी वर बसते."

मी खाली गेले. धूळ, तेलाचा वास, आणि डोळ्यांसमोर जीपचं काळं पोट. वहिनीनं वर बसून स्टेअरिंग हलवलं आणि मला ते दिसलं. पुढच्या आसाच्या मध्यावर एक वाकडा लोखंडी तुकडा बसवलेला असतो. स्टेअरिंगकडून येणारी दांडी त्याला एका बाजूनं ढकलते आणि तो फिरून दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या दांड्या ओढतो. मेकॅनिक लोक त्याला बेल क्रँक म्हणतात, हे आम्हाला नंतर कळलं. तो एका खुंटीवर फिरायला हवा. आमचा तो फिरण्याआधी पडायला आलेल्या दातासारखा आधी कलत होता, आणि कलणं संपल्यावर मग चाकांना ओढत होता. वहिनी जे वीतभर स्टेअरिंग फिरवायची ते सगळं या कलण्यातच जात होतं. ग्रीस भरायचं छोटं तोंड काळ्या मातीनं बुजून दगड झालं होतं. किती वर्षं त्या खुंटीला ग्रीसचा थेंब मिळाला नसेल कोण जाणे.

"दिसलं काय?" वहिनीनं वरून विचारलं.

"दिसलं. डुलते वहिनी थे."

ती खाली उतरली. पुन्हा माझ्या शेजारी जीपखाली येऊन झोपली, आणि तो तुकडा बोटानं धरून हलवला. खट्, खट्. पुन्हा हलवला.

"माह्या हातात खोट नोती," ती म्हणाली. मला नाही, जीपच्या पोटाला म्हणाली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं आणि ते तिनं तेलकट हातानं पुसलं. बाहेरून बाबांचा आवाज आला, "काय झालं? सापडलं काय?" आम्ही दोघी हसायलाच लागलो. बाबांना वाटलं, या पोरींना भोवळबिवळ आली.

राळेगावचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी लुनावर हत्यारं घेऊन आला. वहिनीनं त्याला खाली नेऊन दाखवलं. तो बाहेर आला, हात झटकले आणि म्हणाला, "मी पेटीच पाह्यली वो. पेटी कसली की ढिलं कमी होते, म्हणून वाटलं झालं काम. पुढं पाह्याचं राहून गेलं." त्यानं उगाच सारवासारव केली नाही, आणि आम्हीही त्याला काही म्हटलं नाही. पुलावरचं ऐकून तोही हादरला होता. त्यानं तो तुकडा सोडवला, खुंटी ठोकून काढली. खुंटी एका अंगानं झिजून चपटी झाली होती, आणि तिच्याभोवतीचा बुश, म्हणजे धातूचं नळकांडं, कागदासारखा पातळ.

"हे मॉडेल जुनं हाये," तो म्हणाला. "तयार भेटन तर यवतमाळले. नाई तर लोहाऱ्याले लेथवाल्याकडून करून घ्या लागन."

वहिनी आणि मी तो लोखंडी तुकडा कापडी पिशवीत घालून राळेगावहून एसटीनं यवतमाळला गेलो. दुकानांमधून तयार माल मिळाला नाही. म्हणून शहराबाहेर लोहाऱ्याला, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. एका शेडमध्ये जाड चष्म्याचे एक काका लेथवर काम करत होते. त्यांनी पिशवीतला तुकडा हातात घेतला, खुंटी बुशात घालून हलवली आणि वीज गेली.

"आता बसा," ते म्हणाले. "भारनियमन. दुपारी येइन."

आम्ही शेडच्या सावलीत बसलो, सोबत आणलेली भाकरी आणि ठेचा काढला. काकांनाही दिला. त्यांनी आपल्या डब्यातलं वांग्याचं भरीत आमच्यापुढं सरकवलं. जेवताना ते म्हणाले, "ड्रायव्हरले पाठवाचं होतं. त्याले चार गोष्टी इचारल्या असत्या."

"मीच हावो ड्रायव्हर," वहिनी म्हणाली.

मला वाटलं आता ते हसतील किंवा चकित होतील. त्यांनी घास गिळला आणि विचारलं, "मंग सांगा. खड्ड्यातून गेली की थरथरते काय?"

"थरथरते."

"ब्रेक मारला की एका अंगाले ओढते?"

"नाई. ब्रेकनं नाई ओढत. सरळ रस्त्यानं ओढते."

"चाक वर-खाली हालवून पाह्यलं?"

"मेकॅनिकनं पाह्यलं. चाकाच्या बेरिंगा ठीक हायेत. बाकी सांधे बी ठीक हायेत. मी हात लावून पाह्यले."

"मंग हेच हाये," काका म्हणाले. "दुसरं काही नाई." आणि पुढं जेवू लागले. वहिनी एकदम ताठ बसली. तिला इतक्या दिवसांत गाडीविषयी कुणी सरळ प्रश्न विचारला नव्हता.

वीज आली. लेथ फिरू लागला, पिवळ्या धातूचे बारीक कुरळे तुकडे उडू लागले. काकांनी नवीन बुश केला, त्याच्या आतून ग्रीस फिरायला बारीक चर पाडला, नवीन खुंटी घासून मापाला आणली. बुशात खुंटी घालून वहिनीच्या हातात दिली. "हालवून पाहा." तिनं हलवली. फिरत होती, डुलत नव्हती. तिनं माझ्या हातात दिली. मग मी परत तिच्या हातात दिली. परतीच्या एसटीत तिनं ती पिशवी मांडीवर घेतली होती, शेजारची बाई विचारत होती की त्यात प्रसाद आहे का.

मेकॅनिकनं आमच्या अंगणातच सगळं बसवलं. पेटीवरचा कसलेला स्क्रू पुन्हा मोकळा करून पूर्वी होता तिथं आणला, तसं स्टेअरिंग हलकं झालं. ग्रीसचं तोंड नवीन लावलं. शेवटी त्यानं बांबूची एक काठी घेऊन पुढच्या दोन चाकांमधलं अंतर समोरून आणि मागून मोजलं. समोरून किंचित कमी पाहिजे, म्हणजे गाडी सरळ पळते, असं म्हणत त्यानं दांडीचे आटे फिरवून ते जुळवलं. मी स्टेअरिंगला बोट लावलं तर खाली चाकानं लगेच मान वळवली.

रिकामी जीप वहिनी आधी एकटीच नेणार होती. ती बसली, किल्ली फिरवली, आणि बाबा दुसऱ्या बाजूनं चढून शेजारी बसले.

"मामाजी, तुमी कायले? मी पाहून येते पयले."

"चाल," बाबा म्हणाले.

मी मागं चढले. गावातून निघताना बाबांनी समोरची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली होती. जीप सरळ चालली. खड्डा आला, आदळली, पण थरथरली नाही. पुलाच्या अलीकडचं वळण आलं. वहिनीनं वळण घेतलं, हात सैल सोडले, आणि चाक आपणहून सरळ झालं. आम्ही पूल ओलांडला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी दांडी सोडली होती आणि ते रस्त्याकडे पाहतच नव्हते.

"सूनबाई, थो हरभरा पाह्य कोनाचा," ते म्हणाले. "काय घाटे लागले. औंदा आपनही तिकडच्या तुकड्यात हरभराच टाकाले पाह्यजे होता."

वहिनी हरभऱ्याविषयी त्यांच्याशी बोलत राळेगावच्या फाट्यापर्यंत गेली. पानठेल्यावरच्या माणसांनी जीप जाताना पाहिली, येताना पाहिली. कुणी काही म्हणालं नाही. एकानं नुसता हात वर केला. वहिनीनं हॉर्न वाजवला.

त्या संध्याकाळी तिनं मला सोबत घेतलं आणि जिथवर जीप जाते तिथवर पोडाच्या वाटेनं गेली. पुढं आम्ही चालत वर गेलो. पोरगी घरापुढं चूल पेटवत होती. वहिनी म्हणाली, "उद्यापासून ये. चालत नको जाऊ." तिच्या आईनं आम्हाला बसायला घोंगडी टाकली आणि भाजलेली हरभऱ्याची डहाळी समोर ठेवली. ती आई आमच्याशी तुटक मराठीत बोलत होती, पोरीशी त्यांच्या भाषेत. मध्येच ती काहीतरी म्हणाली आणि पोरगी लाजली. मी विचारलं, काय म्हणते. पोरगी म्हणाली, "माय सोतासाठी इचारते, मीही गाडी शिकू काय."

दोन पोरी परत आल्या नाहीत. पुलावरच्या प्रसंगानंतर त्यांच्या घरच्यांचा धीर झाला नाही, आणि वहिनीनं त्यांना आग्रह केला नाही. बाकीच्या आल्या. परीक्षेच्या पहिल्या दिवशी जीपमध्ये सनावळ्यांचा इतका गोंधळ होता की वहिनीनं शेवटी ओरडून सगळ्यांना गप्प केलं. राळेगावला शाळेच्या फाटकाशी पोरी उतरल्या. पोडावरची पोरगी उतरून पुढं गेली, परत आली, आणि वहिनीच्या पाया पडली. वहिनी स्टेअरिंगवर होती, उतरायला जागा नव्हती, तर पोरीनं तिच्या ब्रेकवरच्या पावलालाच हात लावला. ती त्या वर्षी पास झाली. पुढं नर्सिंग शिकली. आज ती ज्या आरोग्य केंद्रात आहे तिथं आमच्या वस्तीतल्या बाया मुद्दाम तिच्या ड्यूटीच्या दिवशी जातात.

दादा होळीला आला. सकाळी किल्ली घेतली, जीप एक चक्कर मारून आणली आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "इतकं सरळ तं मी चालवतच नोतो." धुळवड झाल्यावर तो हौसेनं पोरींना सोडायला निघाला, तर वहिनी आधीच स्टेअरिंगवर बसलेली. तो मागं पोरींमध्ये जाऊन बसला. मी त्यालाही पाढे विचारले. एकोणिसाच्या पाढ्यात तो अडकला आणि सगळी जीप हसली.

कापूस लगेच सुधारला नाही. पुढची काही वर्षंही तशीच गेली, आणि पांढऱ्या गाड्या येतच राहिल्या. पण जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात शेजारच्या गावची एक बाई पायी आमच्या अंगणात आली. सोबत तिची पोरगी, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, सातवी पास. बाईनं विचारलं, जीपवाली बाई कोण. वहिनी गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आली.

"माही पोरगी बसन काय तुमच्या गाडीत?" बाईनं विचारलं.

जीप आधीच भरली होती. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोटांवर पोरी मोजायला लागले, तोवर ती हात धुऊन आली.

"बसा तुमी आधी, च्या घ्या," ती त्या बाईला म्हणाली. "दोन चकरा मारून पाहू."